आधी पाणी मोजलंस का?

माझ्या नव्या मत्स्यटाकीच्या पाचव्या दिवशी सकाळी लाइट लावला तेव्हा मासे सगळे वर आलेले होते. निऑन टेट्रा एरवी मधल्या थरात फिरतात, गप्पी टाकीभर हिंडतात. त्या दिवशी नऊ मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून भराभर श्वास घेत होते. कल्ले इतक्या वेगानं उघडमीट करत होते की मोजता येईना. दहावा, एक निऑन, तळाच्या खडीवर एका कुशीवर पडला होता.

मी मामाला फोन लावला. त्यानं पंचवीस वर्षं मासे पाळलेत. घाईघाईत सगळं सांगून विचारलं, "मामा, कोणतं औषध घालू?"

"अगं थांब. आधी पाणी मोजलंस का?"

पाणी मोजायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. १०० लिटरची टाकी, खडी धुऊन घातलेली, फिल्टर आणि हीटर चालू, तापमान २६ अंश. रात्रभर पाणी तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सहा निऑन आणि चार गप्पी आणून सोडले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. त्यात काही वाईट असेल असं वाटायचं कारणच नव्हतं.

टेस्ट किट आणलं. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब घालायचे, हलवायचं आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं होत गेलं तर तितका जास्त. माझी नळी अगदी गडद हिरवी झाली. तक्त्याशी लावून पाहिली तर लिटरला २ मिलिग्रॅम. निऑन तोवर गेला होता.

मामानं मग शांतपणे समजावलं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं, ते पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर राहतात. नव्या टाकीत ते नसतातच. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी एका रात्रीत दहा मासे सोडले होते.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली आणि ती मला फार उपयोगी पडली. अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नाही, त्याच्या शेजारी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, वाचायचा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप खरं विषारी असतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी भाग एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे आकडा तोच, पण माशाला होणारा त्रास दहापट. माझा पीएच ७.८ होता.

त्या दिवशी निम्मं पाणी बदललं. नवं पाणी क्लोरीन काढायचं द्रावण घालून आणि तापमान जुळवून ओतलं. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. याची मला फार भीती वाटली होती, पण निरोगी मोठ्या माशाला दोन दिवस उपाशी राहून काही होत नाही. त्यानंतर रोज पाव टाकी पाणी बदलत गेले आणि एका वहीत रोजचे आकडे लिहायला लागले.

ती वही अजून चालू आहे. डावीकडच्या पानावर आकडे, उजवीकडे मामाला विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास सगळे प्रश्न "कोणतं औषध" असेच आहेत, आणि उत्तरांत औषधाचं नाव एकदाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात अमोनिया शून्य आला. मला वाटलं, सुटलो. पण मासे पुन्हा दमल्यासारखे श्वास घेऊ लागले. टॉर्च लावून एका गप्पीच्या कल्ल्याकडे पाहिलं तर आतली लाली काळपट तपकिरी झालेली. या वेळी फोन करायच्या आधी पाणी मोजलं: नायट्राइट लिटरला १ मिलिग्रॅम. पहिले जिवाणू वाढले होते, दुसरे अजून मागे होते. नायट्राइट रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. पाणी बदलणं चालूच ठेवलं आणि मामाच्या सांगण्यावरून लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं साधं मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडं थोडं घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. ३८व्या दिवशी वहीत पहिल्यांदा दोन्ही शून्यं आली आणि नायट्रेट २०. त्या पानावर मी तारखेभोवती चौकट काढली आहे.

ते सगळं मी जवळजवळ पुन्हा घालवलंच होतं. फिल्टरचा स्पंज काळा, बुळबुळीत झाला होता, म्हणून नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळून धुतला. दोन दिवसांनी अमोनिया परत आला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जंतू मारण्यासाठीच, आणि स्पंजवरची ती बुळबुळ म्हणजे माझे सहा आठवड्यांचे जिवाणू होते. तेव्हापासून पाणी बदलताना टाकीतलं जे पाणी बादलीत काढते त्यातच स्पंज दोनदा हलकेच दाबते. मळका राहिला तरी चालतो, त्यातून पाणी वाहिलं म्हणजे झालं. क्लोरीनबद्दल इथेच सांगते. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरॅमिन घालतात, ते तसं उडत नाही. म्हणून मी द्रावण प्रत्येक वेळी घालते.

यानंतर पाच कॉरिडोरास (थोडक्यात कॉरी, तळाशी राहणारे मासे) आणले आणि वहीत एक वेगळ्याच प्रकारची पानं सुरू झाली: घाबरले, पण घाबरायचं काहीच नव्हतं. कॉरी तळाशी मिशांनी रेती चाळत असतात आणि मधेच एखादा बाणासारखा वर जातो, हवेचा घोट घेतो आणि खाली परततो. मला वाटलं पुन्हा ऑक्सिजन कमी पडला. पाणी मोजलं, सगळं ठीक. कॉरींना आतड्यातून हवेतला ऑक्सिजन घेता येतो, अधूनमधून वर जाणं हा त्यांचा स्वभावच आहे. पाचही जण मिनिटामिनिटाला वर जायला लागले तर मात्र पाहायला हवं. तसंच निऑनचं. एकदा मध्यरात्री लाइट लावला तर पाचही निऑन फिके, निळी रेघ जवळपास गायब. मी हादरले. अर्ध्या तासात रंग परत आला. अंधारात ते रंग मिटून घेतात एवढंच. म्हणून आता रंगावरून काही ठरवायचं तर लाइट लावून निदान अर्धा तास थांबते.

चौथ्या महिन्यात दोन लहान एंजलफिश आणले, नाण्याएवढे. त्याच दिवशी तीन टायगर बार्बही आणले, कारण ते पट्टेदार, चपळ मासे मला फार आवडले होते. "हे सगळे एकत्र राहतील ना?" असं दुकानात विचारलं होतं, उत्तर मिळालं, "सगळे ट्रॉपिकलच आहेत." सगळ्यांना २६ अंशाचं पाणी चालतं, हे खरं होतं. पण मी विचारायला हवं होतं ते निराळंच: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, पाण्याच्या कोणत्या थरात राहतो, किती जणांच्या घोळक्यात राहतो, आणि त्याला लांब, लोंबणारे पर दिसले की तो काय करतो.

दहा दिवसांत एका एंजलच्या खालच्या लांब पराचं टोक तुटलं. मग शेपटीची कड. मी वाचलं होतं की पर कुजण्याचा जिवाणूंचा रोग असतो, त्यात शेपटी झडत जाते. पुन्हा तोच प्रश्न तोंडावर आला. मामानं विचारलं, "कड कशी आहे? पांढुरकी, पिंजलेली, लालसर? की कात्रीनं कापल्यासारखी?" मी भिंग घेऊन काचेशी बसले. कड स्वच्छ होती. अर्धगोल चावा घेतल्यासारखी, आणि पराचा बाकीचा भाग नितळ.

"मग रात्री जेवण झाल्यावर खुर्ची घेऊन बस टाकीपाशी," तो म्हणाला. "हलू नकोस. तासभर बस."

मी खोलीतला दिवा मालवला, टाकीचा तेवढा चालू ठेवला. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. बार्ब काचेशी माझ्याकडेच पाहत होते, खाणं मिळेल म्हणून. मग मी तिथे आहे हे ते विसरले. तिघांतला सगळ्यात लहान बार्ब एंजलच्या मागून, किंचित खालून, अगदी हळू आला. एंजल पानाच्या आडोशाला स्थिर उभा होता, त्याचे पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पर प्रवाहात हलत होते. बार्बनं मान वाकडी केल्यासारखं शरीर तिरकं केलं, एक झटका दिला आणि गेला. एंजल दचकून वळला तोवर बार्ब टाकीच्या दुसऱ्या टोकाला होता. दोऱ्याचा एक तुकडा पाण्यात तरंगत खाली येत होता. तासाभरात हे चार वेळा झालं.

टायगर बार्ब घोळक्यात राहणारे मासे आहेत. आठ-दहा असतील तर त्यांची पळापळ, ढकलाढकली बरीचशी आपापसात होते. तिघंच असले की ती सगळी शेजाऱ्यांवर निघते. पण मामाचं स्पष्ट मत होतं, आणि आता माझंही आहे, की एंजल किंवा लांब शेपटीच्या गप्पींबरोबर बार्ब कितीही मोठ्या घोळक्यात ठेवू नयेत. एंजलला कोणतं औषध देऊन उपयोग झाला असता? एका मैत्रिणीच्या लांब टाकीत आधीच आठ टायगर बार्ब होते, हे तिघं तिथे गेले. एंजलच्या पराला पाणी स्वच्छ ठेवण्यापलीकडे काही केलं नाही. आधी काचेसारखी पारदर्शक नवी कड आली, मग तिच्यात रंग भरला. महिनाभर लागला.

आता पांढऱ्या ठिपक्यांबद्दल, कारण या वेळी औषध खरोखरच लागलं.

निऑन पाचच उरले होते आणि ते बुजून कोपऱ्यात राहायचे. घोळका मोठा हवा म्हणून आणखी सहा आणले. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळवलं आणि सोडले. नवे मासे आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून पाहायचे असतात हे मामानं दोनदा सांगितलं होतं. मासे तजेलदार दिसत होते, म्हणून ते केलं नाही. सहाव्या दिवशी एका नव्या निऑनच्या शेपटीवर मिठाचा कण चिकटल्यासारखा ठिपका दिसला. संध्याकाळी तीन ठिपके. दुसऱ्या दिवशी एका एंजलवर आणि दोन जुन्या निऑनवर. मासे खडीला, हीटरच्या नळीला अंग घासत होते.

पाणी मोजलं: सगळे आकडे चांगले. मामाला फोटो पाठवला. "हा व्हाइट स्पॉट," तो म्हणाला. "आता औषध घाल. पण आधी हा जीव कसा जगतो ते नीट समजून घे, नाहीतर मधेच सोडशील."

इक्थियोफ्थिरिअस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी आहे. जो पांढरा ठिपका दिसतो तो कातडीखाली बसून माशावर पोसला जाणारा परजीवी. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो माशावरून गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत विभागत जातो. एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात, पोहत नवा मासा शोधतात, आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते याच पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही. परजीवी माशावरून उतरून तळाशी वाढतोय असा असू शकतो. पाणी गरम असेल तर हे सगळं चक्र लवकर फिरतं आणि औषधाला गाठायला तो टप्पा लवकर येतो, म्हणून तापमान वाढवायचं.

हीटर दर काही तासांनी एक अंश असा वाढवत दीड दिवसात ३० अंशांवर नेला. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून एअर पंप जोडून त्याचा बुडबुडे सोडणारा दगड आत सोडला. फिल्टरमधला कोळसा काढला, तो औषध शोषून घेतो. औषध मॅलाकाइट ग्रीन असलेलं होतं. बाटलीवरच लिहिलं होतं की टेट्रा आणि खवले नसलेल्या माशांसाठी निम्मी मात्रा. कॉरींना नेहमीसारखे खवले नसतात, अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, आणि तेही नाजूक. निम्मीच मात्रा घेतली, मोजून, सिरिंजनं. रोज तळ सायफननं ओढून काढत होते, कारण कोष तिथेच पडलेले असतात.

तिसऱ्या दिवशी एंजल अगदी स्वच्छ दिसला. एकही ठिपका नाही. मामानं समजावून सांगितलं नसतं तर मी त्याच रात्री औषध थांबवलं असतं. पाचव्या दिवशी ठिपके परत आले, आधीपेक्षा जास्त, कल्ल्यांच्या झाकणावरही. नव्यातले दोन निऑन त्या दोन दिवसांत गेले. एक माझ्या डोळ्यांदेखत गेला, झाडाच्या बुंध्याशी टेकून, कल्ले हळूहळू थांबत. त्याला वाचवायला मला पंधरा दिवस आधीच काही करायला हवं होतं, हे त्या क्षणी अगदी नेमकं कळत होतं.

नवव्या दिवसानंतर नवा ठिपका दिसला नाही. तरीही आणखी एक आठवडा औषध आणि तापमान तसंच ठेवलं. मग हळूहळू २६ अंशांवर आणलं, कोळसा पुन्हा घातला. मधल्या काळात अमोनिया एकदा ०.२५ पर्यंत चढला होता, औषधानं जिवाणूंनाही थोडा फटका दिला असावा. पाणी बदलून तो उतरवला.

प्रत्येक पांढरी गोष्ट म्हणजे व्हाइट स्पॉट नव्हे, हेही तेव्हाच शिकले. बारीक सोनेरी पूड उडवल्यासारखी दिसली तर तो वेगळा परजीवी. तोंडापाशी कापसासारखं दिसलं तर लोक बुरशी समजतात, पण बरेचदा ती कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग असते. त्यात पाणी तापवलं तर रोग आणखी वेगानं पसरतो. नाव कळल्याशिवाय हीटरलाही हात लावायचा नाही.

एंजल वर्षभरात तळहाताएवढे झाले आणि निऑन कमी होऊ लागले. मरत नव्हते, नाहीसे होत होते. रात्री नऊ मोजलेले, सकाळी आठ, पुढच्या आठवड्यात सात. कुठेही मेलेला मासा नाही, पाण्यात काही खोट नाही. तो प्रश्न मी मामाला विचारलाच नाही, कारण वाढलेल्या एंजलचं तोंड आणि तीन-साडेतीन सेंटिमीटरचा निऑन समोरासमोर दिसत होते. सात निऑनसाठी ६० लिटरची दुसरी टाकी केली. तिचा फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवला, म्हणजे जिवाणू आयते मिळाले. पाणीही त्यांना आवडतं तसं मऊ ठेवता आलं. गप्पींना कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं, निऑनना मऊ, कमी क्षारांचं. एका टाकीत दोघांना मधलं पाणी देऊन चालवता येतं, पण वेगळं केल्यावर निऑनची लाल पट्टी जशी भरली तशी मी आधी पाहिली नव्हती. गप्पी आणि कॉरी मोठ्या टाकीतच आहेत. गप्पींची पिल्लं तिथे फारशी वाचत नाहीत. ते मी मान्य केलंय, कारण एक मादी महिन्याला वीस-तीस पिल्लं देते आणि नर नसतानाही पुढचे काही महिने देत राहते. तेवढ्या सगळ्यांना जागा देणं मला शक्य नाही.

आता कोपऱ्यात ३० लिटरची तिसरी टाकी कायम असते, नवे मासे आधी वेगळे ठेवून पाहण्यासाठी. खडी नाही, एक प्लास्टिकची पाइप लपायला, स्पंज फिल्टर, हीटर. त्यात सध्या चार नवे निऑन आहेत, आज सतरावा दिवस. त्यांची जाळी, सायफन, बादली सगळं वेगळं. चौघांतला एक कालपासून बाकीच्यांपेक्षा थोडा बाजूला राहतोय. निऑनना एक रोग होतो, त्यात मासा एकटा पडतो, अंगावरचा रंग ठिकठिकाणी उडतो, पाठ वाकडी होते, आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. याचा रंग अजून पूर्ण आहे, पाठ सरळ आहे, सकाळी खाणं घातलं तेव्हा तो सगळ्यांच्या आधी आला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, तापमान २५. हे सगळं वहीत लिहिलंय. तीन आठवडे पुरे होतील असं ठरवलं होतं, आता आणखी दोन आठवडे चौघांनाही इथेच ठेवणार आहे.